संपूर्ण 'सौभद्र', पाचही अंक, दोन संध्याकाळी: कोणी जाणार आहे का?

रंगवेडी

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका लहान थिएटरात (शे-सव्वाशे खुर्च्या, रंगमंच म्हणजे एक बऱ्यापैकी खोली) एक हौशी संस्था पुढच्या महिन्यात 'संगीत सौभद्र' करतेय. एवढ्यावर धागा काढायचं कारण नव्हतं, 'सौभद्र' कोणी ना कोणी करतच असतं. पण ही मंडळी अण्णासाहेब किर्लोस्करांची मूळ संहिता करणार आहेत. पाचही अंक, पुस्तकातली सगळी पदं, माइक नाही, ऑर्गन नाही. तीन अंक शनिवारी, दोन रविवारी. पदं आखूड म्हणायची, आलापी-ताना नाहीत. जाहिरातीत खाली चक्क छापलंय, 'वन्स मोअर देऊ नये ही विनंती'.

मी आजवर पाहिलेली सगळी 'सौभद्र' अडीच-तीन तासांची, वीस-पंचवीस पदांची. आईला न्यायचं मनात होतं. ती रेडिओवरच्या नाट्यगीतांवर वाढलेली. तिने जाहिरात वाचली आणि म्हणाली, "ताना नसतील तर मी घरी बसून पुस्तकच वाचीन की."

तर विचारायचं असं, की असा प्रयोग बघण्यात मजा आहे, की ही फक्त अभ्यासकांची हौस? आणि 'मूळ' म्हणजे तरी नक्की कोणतं? लोकांच्या मनातलं 'सौभद्र' तर नंतरच्या गायकांनी घडवलेलं आहे.

टवाळ

वन्स मोअर देऊ नये?? मग आम्ही संगीत नाटकाला जाऊन करायचं काय, नाटक बघायचं?

साशंक

आईंशी सहमत. 'प्रिये पहा' म्हटलं की मला छोटा गंधर्वांचा कृष्ण आठवतो. ती दोन मिनिटांत उरकायची गोष्ट नाही. किर्लोस्करांनी सांगाडा दिला, जीव नंतरच्यांनी ओतला. सगळं अंगावरून उतरवून सांगाडा दाखवायचा, आणि वर त्याला 'मूळ' म्हणून मिरवायचं!

उतारवय

जरा इतिहास सांगतो, कारण पुढे भांडण 'मूळ' या शब्दावरच होणार हे दिसतंय.

'सौभद्र'चा पहिला प्रयोग पुण्यात 18 नोव्हेंबर 1882 ला झाला. तो पहिल्या तीन अंकांचाच होता. पाचही अंक 1883 मध्ये आले. त्याआधीचं 'शाकुंतल'ही असंच. 31 ऑक्टोबर 1880 च्या पहिल्या प्रयोगात सातांपैकी चार अंक झाले. म्हणजे पहिली रात्र हीच मूळ धरायची, तर मूळ 'सौभद्र' अर्धवटच आहे. आणि पुस्तक मूळ धरायचं, तर ते मुळात दोन टप्प्यांत उभं राहिलेलं आहे. तिसरी बाजू रंगावृत्तीची, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेल्या संहितेची. नाटक मंडळ्या मुक्कामागणिक, नटांच्या गळ्याप्रमाणे कापाकापी करायच्या, पदं घालायच्या, काढायच्या. प्रेक्षकाने ऐकलेलं नाटक कोणत्याही काळी छापील नाटक नव्हतं.

म्हणून 'मूळ' न म्हणता 'संपूर्ण' म्हणावं असं माझं मत. तसं म्हटलं की माझी तक्रार संपली.

रंगवेडी

@उतारवय, शनिवारी तीन अंक, रविवारी दोन! त्यांनी मुद्दामच केलं असणार. मला हे सुचलंच नव्हतं. शीर्षकात मात्र मी 'संपूर्ण'च लिहिलंय हो, 'मूळ' हा त्यांच्या जाहिरातीतला शब्द.

अर्धवट

माझ्या आयडीचा पहिल्या प्रयोगाशी असा संबंध निघेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद.

पेटीमास्तर

मी संगीत नाटकांना पेटीची साथ करतो, म्हणून थोडं हिशोबाचं बोलतो.

'सौभद्र'मध्ये शंभरावर पदं आहेत. हा आकडा ऐकला की लोक घाबरतात. आजच्या सवयीने पद म्हणजे पाच-सहा मिनिटं, म्हणजे दहा तास! पण त्यातली कितीतरी पदं साकी, दिंडी अशा छंदांतली आहेत, चार ओळींची. ती म्हणायला मिनिटभरही लागत नाही. सरासरी दीड मिनिट धरलं तरी शंभर पदांचे अडीच तास. उलट आजच्या प्रयोगात पंचवीस पदं प्रत्येकी पाच मिनिटांची, म्हणजे गाण्याला दोन तास लागतातच. वेळ खातो तो विस्तार. कात्री मात्र पदांवर चालते, आणि पहिल्यांदा उडतात ती छोटी पदं, कारण त्यांत गायकाला जागा नसते.

ही छोटी पदं म्हणजे संवाद असतात. एकाने विचारायचं, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं. ती काढली की उरतं काय? गद्य, मग गाणं, मग टाळ्या, मग पुन्हा गद्य. संगीत नाटक म्हणजे मध्ये मध्ये थांबून गाणारं नाटक, असा समज त्यातूनच झालाय.

आता अडचण. किर्लोस्करांकडे सगळे पुरुष होते. सुभद्रा भाऊराव कोल्हटकर, अर्जुन मोरोबा वाघोलीकर. दोघे साधारण एकाच पट्टीत (सुराच्या एकाच उंचीवर) गाऊ शकत. आता सुभद्रा बाई असते आणि ती पेटीच्या काळी चार पट्टीत गाते, अर्जुन काळी एकमध्ये. पंचवीस पदांत पट्टी बदलणं सोपं. मध्ये गद्य असतं, तेवढ्यात तबलजी दुसरा तबला पुढे ओढतो. पण अर्जुनाची दिंडी संपली रे संपली की लगेच सुभद्रेची साकी, असं रात्रभर चालायचं तर साथीदारांचं काय होईल? हे लोक ते कसं सोडवतात एवढं बघायलाच मी जाणार आहे.

खमंग_काकडी

@पेटीमास्तर, वा, काय प्रतिसाद आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

दिंडीदरवाजा

हिशोब पटला. माझी शंका चालींची आहे. पुस्तकात प्रत्येक पदावर 'अमुक चालीवर' असं लिहिलेलं असतं. पण तो 'अमुक' आज कोणाला येतो? ज्या लावणीचा, कानडी पदाचा किंवा बायकांच्या गाण्याचा हवाला दिलाय, ते गाणंच विस्मरणात गेलंय. ध्वनिमुद्रण तर नाहीच. भाऊराव 1901 मध्ये गेले आणि हिंदुस्थानात ग्रामोफोनचं मुद्रण सुरू झालं 1902 मध्ये. ज्यांच्या आवाजावर अख्खा महाराष्ट्र फिदा होता त्यांचा एक सूरही आपल्याकडे नाही. नंतरच्या तबकड्यांवर आहेत त्या पुढच्या पिढीच्या चाली, आणि 1911 च्या 'मानापमान'नंतर तर गोविंदराव टेंब्यांनी आणलेल्या बंदिशींच्या वळणाने सगळी नाट्यगीतंच बदलली. जुनी पदंसुद्धा मग नव्या ढंगाने गायली जाऊ लागली.

मग 'जुन्या चाली' म्हणताना ही संस्था नेमकं काय गाणार?

कृष्णाकाठ

बेळगावकडची आहे म्हणून लिहिते. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, आमच्याच मुलुखातले. लहानपणापासून त्यांच्या कानावर मराठीइतकंच कानडी पडलेलं, आणि त्यांच्या पदांत कानडी चाली भरपूर आहेत हे तर सगळेच मान्य करतात. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका मंगळागौरीला, डोहाळजेवणाला कानडी गाणी म्हणायच्या. माझ्या आजीला 'सौभद्र'मधली काही पदं यायची, आणि ती त्या गाण्यांसारखीच म्हणायची. मान हलवत, हाताने टाळी देत, कुठेही न रेंगाळता. रेडिओवर तेच पद लागलं की म्हणायची, "हे एवढं लांबण कशाला लावलंय?"

तेव्हा चाली सगळ्याच मेल्या असं नाही. गाणारणी शोधायला हव्यात, आणि लवकर शोधायला हव्यात.

साशंक

आजींबद्दल आदर आहे, पण घरी म्हणणं वेगळं आणि रंगमंचावर म्हणणं वेगळं. भाऊराव काही मान हलवत टाळी देत गात नसतील. त्यांचा आवाज चढा आणि दमदार होता म्हणतात. त्या काळी वन्स मोअर मिळत होतेच. म्हणजे पहिल्यापासून विस्तार होता, नाहीतर लोकांनी वन्स मोअर कशाला दिला असता?

पेटीमास्तर

@साशंक, वन्स मोअर म्हणजे तेच पद पुन्हा. एकदाच दहा मिनिटं गाणं नव्हे. आखूड पदालाच वन्स मोअर जास्त मिळतो, पोट भरलेलं नसतं म्हणून.

टवाळ

@पेटीमास्तर, म्हणूनच तुमच्या प्रतिसादाला वन्स मोअर.

बाराखडी

जरा अवांतर. असे खटाटोप जगभर होत आलेत. शेक्सपिअरचा 'किंग लिअर' घ्या. 1681 मध्ये नाहम टेट नावाच्या नाटककाराने त्याचा शेवट गोड केला. कॉर्डेलिया जगते, एडगरशी तिचं लग्न होतं, विदूषकाला तर नाटकातूनच काढलं. लंडनचे प्रेक्षक दीडशे वर्षं हेच 'लिअर' बघत होते. 1838 मध्ये मॅक्रेडी या नटाने शोकांत शेवट आणि विदूषक परत आणले. दीडशे वर्षं म्हणजे कितीतरी पिढ्या! त्यांच्या मनातला 'लिअर' टेटचाच असणार. 'लोकांच्या मनातलं तेच खरं' हा साशंकचा न्याय लावला तर मॅक्रेडीने गुन्हाच केला.

दुसरं उदाहरण इब्सेनचं. 'डॉल्स हाउस'च्या शेवटी नोरा घर सोडून जाते. जर्मनीतल्या प्रयोगासाठी 1880 मध्ये स्वतः इब्सेननेच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात ती मुलांकडे बघून थांबते. दोन्ही त्याच्याच हातचे, पण दुसरा त्याने नाइलाजाने लिहिला होता. आता मूळ कोणतं हे ठरवायला कोणी अडखळत नाही. सगळे नोराला जाऊच देतात.

साशंक

@बाराखडी, टेटने शेवट बदलला, अर्थ बदलला. 'प्रिये पहा'मध्ये दोन आवर्तनं वाढवल्याने कृष्ण रुक्मिणीऐवजी सत्यभामेकडे जात नाही. दोन्ही एका मापाने कशी मोजता?

बाराखडी

हे मान्य. पण घटोत्कच सुभद्रेला उचलून वनात आणतो, तो भाग मी बघितलेल्या एका प्रयोगात दोन वाक्यांत सांगून टाकला होता. शेजारच्या पोराने विचारलं, "ती इथे आली कशी?" अर्थ असाही बदलतो.

उतारवय

आपल्याकडे नाटक दोन कारणांनी कापलं जातं, गायकासाठी आणि सेन्सॉरसाठी. दुसऱ्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त बाईच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. 1970 मध्ये नाटक आलं तेव्हा परिनिरीक्षण मंडळाने लाल डागाला हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं, की मंडळाच्या आदेशाने डाग निळा आहे, आपण तो लाल समजावा. आता कोणी 'मूळ गिधाडे' करायचं म्हटलं तर डाग कोणत्या रंगाचा ठेवणार? संहितेत लाल आहे. पहिल्या प्रेक्षकांनी पाहिला निळा, आणि त्यांच्यासाठी तो निळाच जास्त लाल होता.

खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चंही तसंच. 1907 चं नाटक, 1910 मध्ये सरकारने बंदी घातली, कारण कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. आज ते अक्षरन् अक्षर करा. संहिता तीच, पण समोर बसलेल्या कोणाला कर्झन दिसणार? मूळ संहिता मिळेल हो, मूळ प्रेक्षक कुठून आणणार?

नेपथ्यवाला

मूळ प्रेक्षक नको, मूळ पडदे मिळाले तरी पुरे.

गंमत सोडा. लहान रंगमंचाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. जुन्या नाटकात खोल प्रवेश आणि उथळ प्रवेश आलटून पालटून असत. पुढे रस्त्याचा किंवा बागेचा गुंडाळीचा पडदा पडतो, त्याच्यासमोर दोन-तीन पात्रं बोलतात, गातात, आणि तेवढ्या वेळात मागे महालाची मांडामांड होते. संक्षिप्त प्रयोगात असे पुढचे प्रवेश 'कथेला नको' म्हणून काढतात आणि मग सामान हलवायला ब्लॅकआउट करावा लागतो. प्रेक्षक अंधारात बसून खुर्च्या सरकवल्याचे आवाज ऐकतो. लेखकाने तीच जागा गाण्याने भरून दिली होती.

लहान थिएटरात महाल उभाच करता येत नाही. मग ब्लॅकआउटही नाही आणि पडदाही नाही, एका चौरंगावर भागवायचं. मला वाटतं त्यांना यामुळेच पाचही अंक झेपतील. मोठ्या नाट्यगृहात तारखेचं भाडं आणि सत्राची वेळ बघूनच नाटक कापलं जातं, गायकाला उगाच दोष देतात. तीन-साडेतीन तासांत सत्र संपवून द्यायचं तर पाच अंक बसवणार कुठे?

अर्धवट

@नेपथ्यवाला, हे भारी आहे. म्हणजे 'सौभद्र' कापलं ते तानांनी नाही, घड्याळाने.

पेटीमास्तर

दोघांनी मिळून.

खमंग_काकडी

एक भाबडा प्रश्न. संपूर्ण म्हणजे सगळंच तेव्हासारखं, तर सुभद्रा पुरुषाने करायला हवी ना? ते नाही, पण माइक नको, ऑर्गन नको. ही निवड कशी करतात?

दिंडीदरवाजा

+1. सोयीचं तेवढंच मूळ.

रंगवेडी

मी हाच प्रश्न संस्थेतल्या एकांना विचारला. त्यांचं उत्तर असं : आम्ही 1882 ची नक्कल करत नाही आहोत, पुस्तकात लिहिलेलं काही गाळायचं नाही एवढंच ठरवलंय. सुभद्रा कोणी करायची हे पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि आमच्याकडे उत्तम गाणारी मुलगी आहे. माइक का नाही, तर एवढ्याशा जागेत गरजच नाही. ऑर्गन का नाही, तर तो किर्लोस्करांनंतर आला आणि तसाही आमच्या दारातून आत जात नाही.

@दिंडीदरवाजा, चालींबद्दलही विचारलं. ते म्हणाले, जिथे जुनी चाल सापडली तिथे ती घेतलीय. जिथे नाही, तिथे छंदाच्या वजनाने म्हणणार, जशी दिंडी म्हणतात तशी. 'हीच ती चाल' असा दावा नाही.

दिंडीदरवाजा

बरं, हे प्रामाणिक उत्तर आहे. माझा विरोध निम्मा झाला. जाहिरातीतला 'मूळ' शब्द काढला तर उरलेला निम्माही जाईल.

टवाळ

सगळं मूळ करताहात ते ठीक. पण अर्जुनाने दुसरं लग्न करण्याआधी द्रौपदीला कोणी विचारलं का? पाचही अंक केल्यावर तरी ती येते का?

कृष्णाकाठ

नाही येत. कापलेली नाही ती, लिहिलेलीच नाही.

साशंक

धागा भरकटतोय. गाण्यावर परत येऊ. 'एकच प्याला'तली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. नाटक बडोद्याला फेब्रुवारी 1919 मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा गडकरी जाऊन महिना होत आला होता. त्या नाटकाचं 'मूळ' काय करणार? लेखकाचं तेवढंच ठेवून गुर्जरांची पदं आणि बालगंधर्वांची गायकी काढून टाकणार? मग सिंधू बिचारी गायचीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की नाटक एकट्या लेखकाचं नसतं आणि एका तारखेचंही नसतं.

उतारवय

@साशंक, यावर माझं भांडण नाही. पण म्हणून लेखकाचं लिहिलेलं एकदा तरी पुरतं ऐकू नये असंही होत नाही. इतक्या वर्षांत गायकांचं 'सौभद्र' शेकडो वेळा झालं. हे दोन दिवस लेखकाला दिले तर गायकांचं काय जातं?

रंगवेडी

मंडळी, जाऊन आले. दोन्ही दिवस. सविस्तर लिहिते.

पहिला अर्धा तास अवघड गेला. कान सवयीप्रमाणे वाट बघत राहतो, की आता पद उघडेल, आता गायक बसून घेईल, आणि तेवढ्यात पद संपून पुढचा माणूस बोलायलाही लागलेला असतो. नारदाच्या 'राधाधर मधुमिलिंद'ला मागून कोणीतरी सवयीने 'वन्स' म्हणून टाकलं आणि पुढचं गिळलं. सगळे हसले, नारदसुद्धा.

मग हळूहळू कळायला लागलं की हे विनोदी नाटक आहे. मला हे माहीतच नव्हतं असं नाही, पण मी आजवर 'सौभद्र'ला इतकं हसलेले नाही. सगळी पात्रं पुराणातली, पण बोलणं-वागणं एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबातलं. मोठा भाऊ बहिणीचं लग्न परस्पर ठरवून मोकळा, धाकटा वरवर हो ला हो करतो आणि आतून सूत्रं हलवतो, आणि भावजयीला वाटतं की आपल्याला कोणी काही सांगत नाही. बलराम मी नेहमी चिडायला येणारा माणूस म्हणून पाहिला होता. इथे तो भोळा आहे. कपटी यतीवर (म्हणजे संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनावर) त्याचा जीव जडतो, आणि तो जितका भाळतो तितकी आपल्याला त्याची दया येते. हे सगळं त्या छोट्या छोट्या पदांतच आहे.

'नच सुंदरी करू कोपा' ऐकताना चमकले. कृष्ण ते रुक्मिणीकडे बघत म्हणत होता. आता यात विशेष काय, तर आजवर मी ते नेहमी आपल्याकडे, प्रेक्षकांकडे बघून म्हटलेलं पाहिलंय. इथे रुसवा काढायला म्हटलेलं गाणं रुसवा काढायलाच म्हटलं, आणि ती हसली तेव्हा ते थांबलं.

दोष आहेतच. रविवारच्या अंकात मधला भाग ताणला गेला. काही दिंड्या एकसुरी वाटल्या, एकाच ठेक्याने दामटलेल्या. अर्जुन गद्यात कच्चा होता. आणि एका प्रवेशाला नुसतं ऐकून अर्थ लागेना, जुनी संस्कृतप्रचुर भाषा, त्यात सुभद्रेचा घसा बसलेला.

पेटीमास्तर

मीही रविवारी होतो. पट्टीचं कोडं त्यांनी असं सोडवलं : अर्जुन आणि कृष्ण वरच्या पट्टीचे मुद्दाम निवडले आणि सुभद्रेला थोडी खाली आणली. एकाच पट्टीत जवळजवळ सगळं. म्हणूनच पदाला पद जोडलं जात होतं. किंमत सुभद्रेने मोजली. खालच्या पट्टीत तिचा आवाज खुलत नव्हता, आणि रविवारी बसला तो त्यानेच असावा. ती मुलगी तिच्या पट्टीत किती छान गात असेल!

एकसुरी दिंड्यांबद्दल सहमत. दिंडी म्हणायची असते. ते ती वाजवत होते.

साशंक

मी शनिवारी गेलो होतो. (हो, गेलो होतो.) पहिला अंक चांगला, दुसरा बरा, तिसऱ्यात मला गाणं हवंसं वाटायला लागलं. रंगवेडी म्हणतात तसा विनोद आहे, नाही असं नाही. पण 'प्रिये पहा' देसकार या सकाळच्या रागातलं. पहाट उगवायला वेळ द्यावा लागतो. दोन मिनिटांत उजाडलं. रविवारी गेलो नाही.

खमंग_काकडी

@रंगवेडी, आणि आई??

रंगवेडी

आई शनिवारी आली. मध्यंतरात काही बोलली नाही. घरी येताना म्हणाली, "गाणारे बेताचे आहेत. पण ही गोष्ट अशी आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." रविवारी मी विचारायच्या आधी साडी बदलून तयार होती. तरी तिचं मत बदललंय असं समजू नका. सोमवारी सकाळी तिने जुनी कॅसेट शोधून 'प्रिये पहा' लावलं आणि मला ऐकवून म्हणाली, "हे असं असतं."

नेपथ्यवाला

चौरंगाचं काय झालं? कोणी सांगतच नाहीये.

रंगवेडी

@नेपथ्यवाला, दोन चौरंग आणि एक दोरीवरचा पडदा, एवढंच. पडदा एकदा अडकला, तेव्हा एका पात्राने तो बोलता बोलता हाताने ओढला. ब्लॅकआउट शेवटपर्यंत एकही नाही.

नेपथ्यवाला

बघा! पुढच्या प्रयोगाची तारीख कळली की इथे टाका.

अर्धवट

फक्त रविवारचे दोन अंक बघितले तर चालेल का? शनिवारी ऑफिस असतं.

उतारवय

चालेल. गोष्ट माहितीची आहे. पण बलराम यतीवर कसा भाळतो ते शनिवारी बघितलेल्या एखाद्याला शेजारी बसवून विचारून घ्या.

टवाळ

साशंकला बसवा. तो रविवारी रिकामाच आहे.

साशंक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).